माझ्या नावाचं पथ्य

माझ्या पोटावर आजवर एकही शस्त्रक्रिया झालेली नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण पेरू देशात, लिमा शहरापासून अँडीजमधल्या एका खेड्यापर्यंत, बऱ्याच लोकांना ती झाली आहे अशी पक्की माहिती आहे. काहींनी माझ्यासाठी प्रार्थनाही केल्या. ही माहिती त्यांना माझ्या नवऱ्याने, म्हणजे मंदारने, पुरवली आणि मला ती सगळ्यांत शेवटी कळली. प्रवासवर्णनाची सुरुवात डोंगरावरच्या कोवळ्या उन्हाने करायचा रिवाज आहे. ऊनही पुढे येईल. पण राग आधी आला आहे, आणि परत येऊन दोन महिने झाले तरी तो पुरता उतरलेला नाही.

आम्ही आइंडहोवनला राहतो. चिप बनवायला जी यंत्रं लागतात ती बनवणाऱ्या एका कंपनीत मंदार इंजिनिअर आहे. मी त्याच्या व्हिसाचं शेपूट म्हणून आले, काही वर्षं घरात बसून काढली आणि मग चटण्या करायला लागले. आता दर शनिवारी आठवडी बाजारात माझं टेबल असतं. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची, जवसाची, आणि ठेचा. मी बार्शीची. तिखटाशिवाय जेवण ही कल्पनाच आमच्याकडे आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे. डच गिऱ्हाइकं ठेच्याचा कण जिभेवर ठेवतात, लाल होतात, आणि पुढच्या शनिवारी बाटली न्यायला येतात. काही जण तोंडावर सांगतात की छे, हे मला जमणार नाही. दोन्ही प्रकारची माणसं मला आवडतात.

याच बाजारात मूळची पेरूची एक बाई ठेचा चाखायला थांबली. तिने सांगितलं की तिच्या गावाकडे बटाट्याच्या काढणीला शेतातच ढेकळांची भट्टी रचतात, तिच्यात बटाटे भाजतात आणि दगडावर वाटलेल्या मिरचीच्या चटणीशी खातात. भट्टीला वाटिया म्हणतात, चटणीला उचुकुता. सांगताना ती हवेतच ढेकळं रचत होती. मला आमच्याकडचा हुरडा आठवला. शेतातली आगटी, भोवतीचं कोंडाळं, तळहातावर चोळलेले गरम दाणे. त्याच दुपारी घरी येऊन मी मंदारला सांगितलं की मला तिथे जायचंय, त्या शेतात बसून ते खायचंय, आणि कोणी शिकवली तर ती चटणी शिकून यायचीय. बाकीचा पेरू दिसला तर पाहू.

मंदारने मनावर घेतलं, हे मान्य करायला हवं. त्याने रोज नाश्त्याच्या वेळी फोनवर स्पॅनिशचे धडे गिरवले. काढणीच्या दिवसांत पाहुणे ठेवून घेणारं एक घर त्याने शोधलं, तिथल्या बाईंशी फोनवर बोलणीही केली. मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नव्हतं. "तू खायचं बघ, बोलायचं मी बघतो," असं तो म्हणाला. किती चांगली वाटणी आहे, असं मला तेव्हा वाटलं.

लिमा

नेदरलँड्समधून इतकं लांब जावं आणि पुन्हा नेदरलँड्सचंच आभाळ डोक्यावर असावं, असं लिमा आहे. समुद्रावर करडं धुकं, ऊन नाही, पाऊसही धड नाही. पण शहर जेवणासाठी वेडं आहे. दुपारी ज्या खानावळीत गेलो तिथे प्रत्येक टेबलावर सेविचे होतं. कच्चे मासे लिंबाच्या रसात मुरवून वर कांदा, मिरची आणि कडेला उकडलेलं रताळं. रताळं पाहून मला हसूच आलं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, हे सगळं मूळचं त्याच खंडातलं. राजगिऱ्याचा सख्खा भाऊही तिथल्या डोंगरात पिकतो. आपला उपासाचा अख्खा फराळ तिकडून आला आहे. मी शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे बोट दाखवलं. मंदार वेटरशी बराच वेळ बोलला. वेटरने वही खाली केली, माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि आत गेला.

आलं ते कोंबडीचं फिकं पाणी. त्यात थोड्या शेवया, एक बटाटा, मीठ नावापुरतं. मंदारपुढेही तेच. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की आज ताजे मासे संपले म्हणे. शेजारच्या टेबलावर तेवढ्यात सेविचेची दुसरी बशी आली. ती आधीची ऑर्डर असणार, असं तो म्हणाला. मी दमलेली होते, आणि नवऱ्यावर विश्वास ठेवायची सवय जुनी होती. मी ते पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुसरी खानावळ, आणि तेच पाणी. तिसऱ्या ठिकाणी उकडलेला भात आणि उकडलेलं गाजर. त्यात भर म्हणजे त्या खानावळीच्या मालकिणीने उठून मंदारच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी कौतुकाचं बोलली. मंदार लाजला. काय म्हणाली, असं मी विचारलं, तर म्हणे आपण भारतातून आलो म्हणून खूश झाली. मला मात्र त्या देशाचाच राग यायला लागला. जगभर ज्यांच्या जेवणाचे गोडवे गातात ते हे लोक, आणि पाहुण्याला आजाऱ्यासारखं वाढतात. रागाच्या भरात मी बहिणीला फोन करून सांगितलं की पेरूचं जेवण म्हणजे निव्वळ अफवा आहे. नंतर तिलाही पुन्हा सगळं समजावून सांगावं लागलं.

कुस्को

कुस्को उंचावर आहे आणि तिथलं ऊन खरोखर सुंदर आहे. पातळ, स्वच्छ ऊन. आपल्याकडच्या थंडीत सकाळी दहाला अंगणात पडतं तसं, पण दिवसभर. लाल कौलांची घरं, मागे उघडे डोंगर, रस्त्याच्या कडेने गुंडाळलेल्या रंगीत फडक्यांत ओझं पाठीशी बांधून चढण चढणाऱ्या बायका. या उंचीवर हवा विरळ होते आणि नव्या माणसाला त्रास होतो. मला काही झालं नाही. मंदारचं डोकं ठणकायला लागलं, ओठ पांढरे पडले आणि जिना चढताना तो दोनदा थांबला.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकांशी तो खाली जाऊन बोलला. थोड्या वेळात मालक आणि त्यांची बायको ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन आमच्या खोलीत आले, आणि दोघांनी मिळून त्याचा मुखवटा माझ्या तोंडाला लावला. मी खिडकीत बसून मक्याचे भाजलेले दाणे खात होते. मी हातवारे करून मंदारकडे दाखवत होते की अहो, ह्याला लावा. मालकीणबाईंनी माझ्या हातातली दाण्यांची पुडी काढून घेतली आणि मला आडवं केलं. "राहू दे ना दोन मिनिटं, त्यांना वाईट वाटेल," मंदार भिंतीला टेकून म्हणाला. ते दोघं गेल्याबरोबर त्याने तो मुखवटा माझ्या तोंडावरून काढला आणि स्वतःच्या तोंडावर धरला. ही माणसं बायकांची जास्त काळजी घेतात, असं त्याने मुखवट्याच्या आतून सांगितलं. तुम्हाला वाचताना जे कळतं आहे ते मला तिथे बसून कळलं नाही, याचाही मला राग येतो.

बाजारात तर हद्द झाली. तिथे लांबच्या लांब बाकडी असतात आणि बाया मोठ्या पातेल्यातून वाढत असतात. मी एका बाकड्यावर बसले. समोर लाल तिखटाची वाटी होती. पातेल्यात मटणाचा रस्सा, त्यात बटाटे आणि पुदिन्यासारख्या वासाचा कुठलातरी पाला. बाईंनी डाव भरला होता. मंदार दोन वाक्यं बोलल्याबरोबर तिने डाव पातेल्यात रिकामा केला, तिखटाची वाटी माझ्यापुढून उचलली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मग पलीकडच्या बाईला हाक मारून तिच्याकडून माझ्यासाठी तेच फिकं पाणी मागवलं. मंदार माझ्या शेजारी बसून तेच पाणी निमूट प्यायला, आणि आजूबाजूच्या तीन-चार बाया त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहिल्या.

गाव

गावाचं नाव देत नाही, कारण ज्यांच्या घरी राहिलो त्यांना उगीच गर्दीचा त्रास नको. कुस्कोपासून काही तास गाडीने, मग खडबडीत रस्ता. दरीच्या वर, मातीच्या विटांचं घर, अंगणात जुड्या बांधून वाळत टाकलेली कणसं, आणि एका कोपऱ्यात पसरलेले छोटे छोटे बटाटे. रात्रीच्या थंडीत ते गोठवतात, दिवसा पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. गच्चीवर सांडगे-पापड वाळत घालणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मी वाकून एक उचलला आणि घरच्या बाई हसल्या.

त्यांचं नाव हर्मिनिया. वयाने माझ्याहून मोठ्या, दोन जाड वेण्या, डोक्यावर उंच टोपी. मी त्यांना मनातल्या मनात हर्मिनियाबाईच म्हणत होते. सून येनी कुस्कोच्या एका हॉटेलात काम करते, ती काढणीपुरती दुसऱ्या दिवशी येणार होती. आमचा मुक्काम तीन दिवसांचा होता. पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे एक सपाट मोठा दगड होता, आणि त्यावर अर्धचंद्रासारखा दुसरा दगड. आपण पाट्यावर वरवंटा पुढेमागे ओढतो, त्या तो दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे डोलवतात. खाली मिरची, मीठ आणि तो वासाचा पाला हिरवागार होत होता. मी जवळ जाऊन हात पुढे केला. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, मला खांद्याला धरून चुलीपाशी बसवलं, पायावर पांघरूण टाकलं आणि कसल्याशा पाल्याचा काढा दिला. मग त्या गुडघ्यावर बसल्या, माझ्या पोटावर हात ठेवला, काढ्यातलं थोडं जमिनीवर ओतलं आणि बराच वेळ पुटपुटल्या. पाहुणचाराची रीत असेल, म्हणून मी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर शेतात निघालं. काढणीचा दिवस, वाटियाचा दिवस, ज्यासाठी मी आइंडहोवनहून आले होते तो दिवस. मी बूट घालून अंगणात उभी राहिले तर हर्मिनियाबाईंनी मला परत आत नेलं आणि पलंगावर निजवलं. मंदार म्हणाला की शेत खूप चढावर आहे, त्यांना काळजी वाटते, आपण उद्या बघू. आणि तो माझ्यासोबत थांबला. मी पलंगावर बसून भिंतीकडे पाहत राहिले. तेरा-चौदा तासांचा विमानप्रवास करून मी एका मातीच्या खोलीत गरम पाणी पीत बसले होते. खिडकीतून वर डोंगरावर धूर निघालेला दिसत होता.

दुपारी येनी आली. शेतात जायच्या आधी ती माझ्यासाठी भाताची पेज घेऊन आत आली. मंदार तेव्हा अंगणात होता. तिचं इंग्रजी नीट होतं.

"टाके अजून दुखतात का?" तिने विचारलं.

"कसले टाके?"

"पोटाचे. सासूबाई फोनवर म्हणाल्या की अर्धं जठर काढलंय. तरी एवढ्या लांब आलात. आणि तुमचा नवरा तुमच्यासोबत पथ्याचंच खातो. सासूबाई म्हणतात, असा नवरा कुठे मिळतो."

मी पेजेचा वाडगा खाली ठेवला. तिला आणखी विचारलं. मंदारने कुस्कोहून निघायच्या आधी फोनवर सांगितलं होतं की बायकोची मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, तिखट नाही, बाहेरचं नाही, शेतात धुरात नाही. लिमातली मायाळू नजर, कुस्कोतला मुखवटा, बाजारातल्या बाईचा गालावर फिरलेला हात, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. मी ताडकन उठले. येनी घाबरली. मी तिला म्हटलं की मला काहीही झालेलं नाही, तू जरा शेताकडे हो, मी येतेच.

अंगणात मंदार दगडी भिंतीवर बसून फोनमध्ये स्पॅनिशचा धडा वाचत होता. मी समोर उभी राहिले आणि विचारलं की माझं अर्धं जठर कुठे आहे. त्याने फोन खिशात ठेवला. आधी त्याने मला हळू बोलायला सांगितलं. मग म्हणाला की लिमात सुरुवात फक्त नाजूक पोटापासून झाली होती, पण लोक आग्रह करत राहतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं वाढवावं लागलं. परक्या देशात पोट बिघडलं असतं तर कोण निस्तरणार होतं, असं त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, तुला खायचं नव्हतं तर तू खाऊ नकोस. मग तो पुटपुटला की त्याने नको म्हटलं असतं तर कसं दिसलं असतं, बायको सगळं खातेय आणि हा घाबरतोय.

तेव्हा मला एक शंका आली आणि मी ती विचारली. माझ्या नावावर आणखी कुठे कुठे काय सांगितलं आहेस?

तो आधी भिंतीवरून उठला. मग सांगायला लागला. आमच्या गल्लीतल्या डच बायका दर वसंतात चार दिवसांची सायकल सहल काढतात. शेजारच्या मराइकेने कुंपणापलीकडून त्याला विचारलं होतं की वृषाली येईल का. त्याने सांगितलं की तिला वाऱ्यात सायकलची भीती वाटते. मी, जी दर शनिवारी चटण्यांचे खोके सायकलला बांधून बाजारात जाते. झूटरमेरच्या मराठी मंडळींनी दिवाळीच्या फराळाचं काम माझ्याकडे द्यायचं ठरवलं होतं. त्याने सांगितलं की हिला गर्दीत चक्कर येते, कारण त्याला दिवसभर तिथे थांबायचं नव्हतं. आल्मेरेच्या मित्रांबरोबरची नॉर्वेची सहल त्याला नको होती, तर म्हणे हिला थंडी सोसत नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं, सगळेच म्हणतात, घरी विचारून सांगतो, हिला बरं नाहीये, हिला आवडत नाही, त्यात काय एवढं, असं त्याचं म्हणणं. ऑफिसात हाच माणूस डच साहेबाच्या तोंडावर नाही म्हणतो आणि त्याबद्दल त्याचं कौतुक होतं.

शेवटचं त्याने खाली बघत सांगितलं. मागच्या चार उन्हाळ्यांत आम्ही भारतात गेलो नाही. त्याला तिथला उकाडा, नातेवाइकांची रांग, सगळ्याचा कंटाळा आला होता. मला त्याने सांगितलं होतं की रजा मिळत नाही, आणि आईला सांगितलं होतं की वृषाली नको म्हणते.

चार वर्षं सासूबाई माझ्याशी फोनवर हवापाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या. मी स्वतःला विचारत राहिले होते की माझं काय चुकलं. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. मी त्याला म्हटलं की तू बस इथे, आणि धुराच्या दिशेने चालायला लागले. चढ होता. मला काही त्रास झाला नाही.

शेत म्हणजे डोंगराच्या कुशीतला काळ्या मातीचा तुकडा. सात-आठ माणसं कुदळीने सऱ्या फोडत होती आणि मातीतून बटाटे निघत होते. जांभळे, गुलाबी, काळे, गाठीगाठींचे, बोटासारखे लांब. आमच्या सुपरमार्केटात भुसभुशीत बटाटे आणि घट्ट बटाटे अशा दोन पिशव्या मिळतात, आणि डच लोक रोज बटाटा खाऊनही त्याचं नाव विचारत नाहीत. इथे प्रत्येकाला नाव होतं. ढेकळांची भट्टी लाल तापली होती. येनीने सासूला सगळं सांगून टाकलं होतं. हर्मिनियाबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माया अजिबात नव्हती.

त्या बोलल्या ते येनीने मला सांगितलं. काल त्यांनी माझ्या पोटासाठी जमिनीकडे मागणं मागितलं होतं. जमीन त्यांची आई आहे, तिच्याकडे असं उठसूट मागत नाहीत. काढणीच्या दिवसांत तर मुळीच नाही, तेव्हा फक्त आभार मानायचे असतात. खोट्या दुखण्यासाठी मागणं त्यांच्या तोंडून गेलं होतं. ते मागे घ्यायला हवं, आणि ज्याने खोटं सांगितलं त्यानेच घ्यायला हवं, तेही भट्टी मोडायच्या आधी. त्या शांतपणे बोलत होत्या. माझ्यापेक्षा त्या जास्त चिडल्या आहेत हे मला भाषा न येता कळलं, आणि पेरूत आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मंदार माझ्या मागोमाग चढून आला होता, धापा टाकत. येनीने त्याला काय करायचं ते सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. या बाबतीत मी त्याला मदत करणार नव्हते. त्याने टोपी काढली, नांगरलेल्या मातीत गुडघे टेकले, हर्मिनियाबाईंनी दिलेली मक्याची दारू जमिनीवर ओतली आणि स्पॅनिशमध्ये अडखळत काहीतरी बोलला. कुदळी थांबल्या होत्या.

"आता मला कळेल अशा भाषेत सांग," मी म्हटलं.

"भीती मला वाटते, वृषाली," तो म्हणाला. तो अजून गुडघ्यांवरच होता. "बाहेरचं खायची, आजारी पडायची, कुणाला नाही म्हणायची. आणि ते सांगायची लाज वाटते. म्हणून तुझं नाव घेतो."

मी त्याला उठवलं नाही. तो आपला आपण उठला.

मग हर्मिनियाबाईंनी भट्टी मोडली. तापलेली ढेकळं कुदळीच्या पाठीने ठेचून बटाट्यांवर लोटली आणि वर माती ओढली. तेवढ्या वेळात येनी घरून चटणीचा मोठा वाडगा घेऊन आली. बटाटे उकरून काढले, राख झटकून फडक्यावर ओतले आणि सगळे जमिनीवर बसले. साल हातानेच सुटत होती. आत पीठ झालेला, धुराच्या वासाचा बटाटा, त्यावर ती चटणी. मिरची आधी नाकात गेली, मग कानात, आणि त्यानंतर तो पाला सगळं थंड करत आला. मी किती खाल्ले ते मोजले नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा हर्मिनियाबाईंनी वाडगा काढून घेतला नाही, उलट पुढे सरकवला.

मंदार थोडा बाजूला उभा होता. हर्मिनियाबाईंनी एक बटाटा त्याच्या दिशेने धरून मला खुणेने विचारलं की ह्याला द्यायचा का. तोंडात उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांत मीही त्याच्यासाठी पुष्कळ उत्तरं दिली आहेत. मी येनीला म्हटलं की त्यालाच विचारा.

त्याने घेतला. चटणी लावून खाल्ला, खोकला, पाणी मागितलं आणि दुसरा घेतला. त्याला पुढे काहीही झालं नाही, पोटदुखीही नाही. त्याचाही मला रागच आला, कारण ज्याला घाबरून त्याने माझी इतकी वर्षं खर्ची घातली ते काही नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी हर्मिनियाबाईंनी तो अर्धचंद्री दगड माझ्या हातात दिला. सुरुवातीला मी तो वरवंट्यासारखा पुढे ओढायला गेले आणि सगळी मिरची पलीकडे सांडली. त्या हसल्या, मीही हसले. नंतर हात बसला. बॅगेतली शेंगदाण्याची चटणी मी त्यांना दिली. त्यांनी ती बटाट्यावर घालून खाल्ली, विचार केला आणि डबाच ठेवून घेतला.

पुढे माचू पिचू पाहिलं. सुंदर आहे. त्याचे फोटो सगळीकडे आहेत.

कुस्कोला परतल्यावर मंदारने आईला फोन लावला. मी समोर बसले होते. त्याने सांगितलं की चार वर्षं नको मी म्हणत होतो, ती नाही.  मग सासूबाईंनी मला फोन द्यायला सांगितलं. त्या माफी मागणाऱ्यांतल्या नाहीत. "उन्हाळ्यात आलीस तर काय खाशील?" त्यांनी विचारलं. मी आमरस म्हटलं. चार वर्षांचे आमरस मात्र मला कोणी परत देणार नव्हतं.

आल्मेरे

परत आल्यावर मी मराइकेकडे गेले. तिला खरं सांगितलं. तिने डच पद्धतीने सरळ सांगितलं की सहल दोन वर्षांपूर्वीच बंद पडली, अर्ध्या बायका दुसरीकडे राहायला गेल्या. मी वाऱ्याला घाबरते याचं तिला नवल वाटलं होतं, पण विचारणं बरं दिसलं नसतं. आम्ही चहा प्यायलो.

गेल्या रविवारी आल्मेरेला गौरी आणि सचिनकडे जेवायला गेलो होतो. तिकडे घरं मोठी, त्यामुळे सगळ्यांचं जमणं त्यांच्याचकडे. चार जोडपी होतो, मुलं वरच्या मजल्यावर डचमध्ये भांडत होती. टीव्हीवर आमचे फोटो चालू होते. मंदार डोंगर, रंग, हवा असं सांगत होता. गौरीने विचारलं की जेवण कसं होतं.

"अरे, हिला तिथलं..." मंदारने सुरुवात केली आणि थांबला. मी ताटातली कोशिंबीर खात राहिले. मग त्याने पहिल्यापासून सांगितलं. लिमा, मुखवटा, अर्धं जठर, जमिनीपुढे काय म्हणाला ते सगळं. मुखवट्याला पुरुष मनापासून हसले. सचिन तर टेबलावर हात आपटत होता. नॉर्वेची सहल आली तेव्हा तो हसायचा थांबला. पुढे मंदार सांगत गेला की मला एखादी गोष्ट नको असली की मी हिच्या नावावर टाकायचो, हिला आवडत नाही, हिला झेपत नाही, आणि हिला पत्ता नसायचा. आता कोणीच हसत नव्हतं.

बाकीच्या तिन्ही बायकांचे चमचे हळूहळू थांबले. सगळ्यांत आधी गौरीने मान वळवली.

"सचिन," ती म्हणाली, "मला उन्हाचा त्रास होतो म्हणून आपण क्रोएशियाला गेलो नाही, असं तुझे ऑफिसातले लोक मला दोन वर्षं सांगतायत. मला उन्हाचा त्रास कधी होता?"

सचिन पाणी आणायला उठला. पाण्याचा जग त्याच्या समोरच होता.